फोटोत आलेले बूट

इंग्लिश चित्रकार डेव्हिड हॉकनीचं नोव्हेंबर १९८२ मधलं एक फोटो-कोलाज आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागातल्या बोल्टन अ‍ॅबी या जुन्या मठाच्या पडक्या भिंती, आजूबाजूला थडगी, आणि त्या थडग्यांमध्येच बसलेली त्याची म्हातारी आई. छोट्या रंगीत प्रिंट एकमेकींवर चढवत, सरकवत चिकटवल्या आहेत. कडा कुठे बाहेर आल्यात, कुठे आत गेल्यात. नजर फिरत फिरत तळाशी येते तेव्हा तिथे बुटांची टोकं दिसतात. बूट हॉकनीचे.

साध्या फोटोत ते आले असते तर ‘अरे, पाय आला’ म्हणून आपण प्रिंट बाजूला टाकली असती. मीही हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला चूकच समजलो होतो. पण बूट मुद्दाम ठेवलेले आहेत. आई किती लांब बसली आहे, मुलगा कुठे उभा आहे, मधे किती जमीन आहे, हे त्यांच्यामुळे कळतं. फोटो काढणारा माणूस स्वतः कुठे असतो, हा प्रश्न हॉकनीने १९८२ ते १९८६ या काळात ज्या चिकाटीने धसाला लावला, त्याचं हे प्रकरण. गंमत अशी की हे सगळं करणाऱ्या माणसाचा फोटोग्राफीवर मुळात विश्वास नव्हता.

आधीचं नातं

हॉकनीचा जन्म १९३७ चा, यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डचा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून तो १९६२ मध्ये बाहेर पडला आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. साठच्या दशकाच्या शेवटापासून तो ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर फोटो काढत असे, अल्बममध्ये चिकटवत असे. मित्र, हॉटेलच्या खोल्या, पोहण्याचे तलाव. चित्र रंगवताना आठवणीला टेकू हवा, एवढाच त्यांचा उपयोग.

त्यातही एक अडचण होती. खोली मोठी असली की ती एका फोटोत मावत नाही. वाइड अँगल लेन्स लावली तर मावते, पण कडेच्या भिंती कलतात, टोकाला बसलेला माणूस ताणल्यासारखा दिसतो. हॉकनीला हे खपत नसे. म्हणून तो साध्या लेन्सने तीन-चार फोटो काढून ते शेजारी-शेजारी चिकटवायचा. पुढे जे झालं त्याचं बीज इथे आहे, पण त्याने तेव्हा त्याला किंमत दिली नव्हती. ती निव्वळ सोय होती.

दोन फोटो शेजारी पडले की काय घडतं, याचा त्याला एक अनुभव मात्र आला होता. स्टुडिओच्या जमिनीवर दोन प्रिंट योगायोगाने जवळ पडल्या होत्या: एकीत पाण्याखाली पोहणारा माणूस, दुसरीत खाली बघणारा मुलगा. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणच्या. पण एकत्र पाहिल्यावर तो मुलगा त्या पोहणाऱ्याकडे बघतोय असं वाटलं. त्यातून १९७२ चं ‘पोर्ट्रेट ऑफ अ‍ॅन आर्टिस्ट (पूल विथ टू फिगर्स)’ हे चित्र झालं. पहिला प्रयत्न फसला, तो टाकून देऊन दक्षिण फ्रान्समधल्या एका तलावावर पुन्हा ढीगभर फोटो काढले आणि न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाच्या तोंडावर चित्र कसंबसं पुरं केलं. हेच चित्र २०१८ मध्ये लिलावात ९ कोटी ३ लाख डॉलरना गेलं. तो आकडा सगळीकडे छापून आला. जमिनीवर पडलेल्या दोन प्रिंटांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

फोटोवर त्याचा आक्षेप काय होता? वेळ. एखादं व्यक्तिचित्र रंगवताना चित्रकार समोरच्याकडे तासन्‌तास बघतो. ते सगळं बघणं थरांनी चित्रात उतरतं, म्हणून बघणाराही त्यापुढे रेंगाळतो. फोटोत सेकंदाचा एखादा अंश असतो, आणि रेंगाळायला त्यात काही उरत नाही. शिवाय एकच डोळा, तोही जागचा न हलणारा. क्षणभरासाठी लुळ्या पडलेल्या एकाक्ष राक्षसाच्या नजरेने जग बघायला तुमची हरकत नसेल तर फोटोग्राफी ठीक आहे, अशा अर्थाचं त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे. वाक्य झोंबणारं आहे, आणि थोडं अन्यायाचंही. चांगला फोटोग्राफर त्या एका अंशासाठी किती वेळ दबा धरून बसलेला असतो, हे हॉकनी सोयीने विसरतो.

उरलेली फिल्म

पॅरिसच्या पाँपिदू सेंटरला त्याच्या फोटोंचं प्रदर्शन करायचं होतं. तिथले क्युरेटर आलँ सायाग निवड करायला त्याच्या लॉस एंजेलिसच्या घरी आले. अल्बम पुष्कळ, निगेटिव्ह मात्र नीट लावलेल्या नाहीत. मग निवडलेल्या फोटोंची नोंद म्हणून पोलरॉइडवर त्यांचेच फोटो काढून ठेवले. काम झालं, पाहुणे गेले, काही फिल्म घरात उरली. २६ फेब्रुवारी १९८२ च्या शुक्रवारी हॉकनीने ती संपवायला घेतली.

कॅमेरा होता पोलरॉइड एसएक्स-७०. त्याची रचना इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण या प्रकरणात कॅमेरा बदलला की चित्राचा नियम बदलतो. एसएक्स-७० मध्ये १० फोटोंचं पाकीट बसतं. बटण दाबलं की मोटर घरघरते आणि प्रिंट पुढून बाहेर येते. बाहेर येताना ती दोन रोलरमधून जाते, खालच्या जाड कडेतली रसायनाची पिशवी फुटते, रसायन पसरतं आणि काही मिनिटांत चित्र उमटतं. चित्र साधारण ८ सेंटिमीटरचं चौकोनी, भोवती पांढरी कड. झूम नाही. त्यामुळे बुटाचा फोटो हवा असेल तर बुटाजवळ जाऊन वाकायला लागतं.

हॉकनी घरभर हिंडला. बैठकीची खोली, मग गच्ची, मग खाली बाग आणि तलाव. सुमारे ३० पोलरॉइड निघाले. ते त्याने ओळीत लावले, आणि घर एका जागेवरून पाहिल्यासारखं न दिसता घरातून चालत गेल्यासारखं दिसू लागलं. चित्राला त्याने पत्ता, वार आणि तारीख हेच नाव दिलं. पुढच्या काही महिन्यांत त्याने अशी शंभराहून अधिक कोलाज केली. मी त्या काळातल्या तारखा एकदा ओळीने लावून पाहिल्या: ६ मार्च, ८ मार्च, ११ मार्च, ३१ मार्च, ४ एप्रिल, १३ एप्रिल. उरलेली फिल्म पहिल्याच दिवशी संपली असणार. त्यानंतर पाकिटांवर पाकिटं.

पोलरॉइडची पांढरी कड ही कटकट होती. जाड प्रिंट एकमेकींवर नीट चढत नाहीत, म्हणून चौकटींची जाळीच करावी लागते. खिडकीच्या गजांमधून बघावं तसं सगळं दिसतं. पण एक मोठी सोय होती: प्रिंट तिथल्या तिथे हातात येते. माणूस समोर बसलेला आहे, त्याच्या पायाशी जमिनीवर चौकोन वाढत चाललेत, कानाचा चौकोन गालाशी जुळत नाही असं दिसलं की पुन्हा जवळ जाऊन कान टिपायचा. हे फोटो काढणं कमी आणि रेखाटणं जास्त आहे. १९८२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या आंद्रे एमेरिख गॅलरीत ही कामं लागली, तेव्हा प्रदर्शनाला ‘कॅमेऱ्याने रेखाटन’ अशा अर्थाचंच नाव होतं.

मी स्वतः एकदा हे करून पाहिलं आहे, पोलरॉइडने नाही, साध्या डिजिटल कॅमेऱ्याने. समोर टेबल, त्यावर पुस्तकं, एक पेला. ४० फोटो काढले. जुळवताना कळलं की टेबलाची कड कुठेच सरळ जात नाही, कारण प्रत्येक फोटोच्या वेळी मी नकळत थोडा वाकत होतो. पेल्याचं तोंड तीन वेळा आलं, तळ एकदाही नाही. उजेड कॅमेऱ्याने आपोआप ठरवल्यामुळे एकच भिंत कुठे पिवळट, कुठे राखाडी. चाळीसातले नऊ फोटो कामाचे निघाले. त्यानंतर हॉकनीच्या पोलरॉइडकडे बघताना त्याची स्मरणशक्ती दिसायला लागली. आपण कुठे होतो, आता कुठे सरकलो, हे त्याला चित्रकाराच्या सवयीने लक्षात राहत होतं.

ही कामं पाहून क्युबिझमचं, म्हणजे एकच गोष्ट अनेक बाजूंनी एकदम दाखवणाऱ्या चित्रशैलीचं, नाव निघणारच, आणि हॉकनी स्वतःही पिकासोचं ऋण उघड मानत आला आहे. माझं मत विचाराल तर पोलरॉइडमधली काही व्यक्तिचित्रं या ऋणाखाली दबली आहेत. दोन नाकं, तीन डोळे, सरकलेली हनुवटी. बघणारा ‘अच्छा, क्युबिझम’ म्हणतो आणि पुढे जातो. पाण्याची चित्रं मात्र अस्सल उतरली. ३१ मार्च १९८२ च्या ‘ग्रेगरी स्विमिंग’मध्ये १२० पोलरॉइड आहेत, म्हणजे १२ पाकिटं. एकच माणूस तलावात ठिकठिकाणी आहे, कुठे हात, कुठे पाठ, कुठे नुसता पाण्याखालचा डाग. पाण्याला स्वतःची बाह्यरेषा नसते, त्यामुळे चौकोन जुळले नाहीत तरी खटकत नाही. आपल्या लघुचित्रांत एकाच चौकटीत नायक तीनदा भेटतो, तेव्हा आपण कुठे कुरकुरतो?

पांढरी रेघ गेली

सप्टेंबर १९८२ मध्ये त्याने पोलरॉइड खाली ठेवला आणि पेंटॅक्स ११० घेतला. मुठीत मावणारा कॅमेरा, त्यातली निगेटिव्ह जेमतेम १३ बाय १७ मिलिमीटर. पुढे ३५ मिलिमीटरचा निकॉन आला. आता प्रिंटला पांढरी कड नको होती, कागद पातळ होता, त्यामुळे एकावर एक चढवता येऊ लागलं. जाळी गेली. चित्राची बाहेरची कडही मोकळी झाली. जिथपर्यंत नजर गेली तिथपर्यंत प्रिंट, पुढे कोरा पुठ्ठा.

या मोकळीकीची किंमत होती. प्रिंट आता हातात येत नव्हती. रोल लॅबला द्यायचा, वाट बघायची, आणि ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर उभं राहून जे टिपलं ते घरी टेबलावर जुळवायचं. एखादा तुकडा राहिला असेल तर राहिलाच. म्हणजे टिपतानाच अख्खं चित्र डोक्यात हवं. शिवाय लॅबची यंत्रं प्रत्येक प्रिंटचा उजेड सरासरीवर आणतात, त्यामुळे एकाच आभाळाचे शेजारचे दोन तुकडे दोन निळे निघतात. हॉकनीने ते लपवायचा प्रयत्न केला नाही.

ग्रँड कॅन्यनची चित्रं भव्य आहेत, मला ती थोडी पोकळ वाटतात. लांबच्या डोंगराकडे दोन पावलं सरकून पाहिलं तरी फरक पडत नाही, त्यामुळे युक्तीला तिथे कामच नाही. ती घरात कामाला येते. १ जानेवारी १९८३ च्या ‘द स्क्रॅबल गेम’मध्ये हॉकनीची आई आणि दोन मित्रमंडळी टेबलाभोवती स्क्रॅबल, म्हणजे पटावर अक्षरं जुळवून शब्द करायचा खेळ, खेळताहेत. आईचा चेहरा पुन्हा पुन्हा येतो: विचारात, अक्षरांकडे बघताना, मान वर करून. मधला पट वेगवेगळ्या वेळचा आहे, त्यामुळे खेळ पुढे सरकलेला त्यातच कळतो. आणि खालच्या कडेला हॉकनीची स्वतःची अक्षरं मांडलेली दिसतात, कारण तोही खेळत होता. बोल्टन अ‍ॅबीतले बूट इथे अक्षरांच्या रूपाने आले. फोटो काढणारा खेळाबाहेर उभा नाही; पुढची खेळी त्याची असू शकते.

एकाच बागेची दोन चित्रं

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका प्रयोग फेब्रुवारी १९८३ मधला, जपानमधल्या क्योतोच्या रिओआंजी मंदिरातला. तिथली दगडांची बाग म्हणजे लांबट आयत, त्यात रेघा ओढलेली पांढरी खडी आणि १५ दगड. हे दगड असे मांडलेत की काठावरच्या एका जागेवरून सगळे एकदम दिसत नाहीत. म्हणजे बागच माणसाला म्हणते, ऊठ, सरक.

हॉकनी आधी बसला. एका जागी बसून त्याने मान फिरवत बाग टिपली. प्रिंट जुळवल्या तर आयताच्या बाजू तिरक्या धावत दूर एकत्र येऊ लागल्या, जसं पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे लांबचं लहान दाखवण्याच्या, नियमाने व्हायचं तसंच. फोटो कितीही काढले तरी डोळा एकाच जागी होता.

मग तो पुन्हा गेला आणि चालला. लाकडी कठड्याच्या कडेने एक पाऊल, खाली एक फोटो, समोर एक, त्याच्यापुढे एक. पुन्हा पाऊल. खालच्या ओळीत त्याचे मोज्यांतले पाय येत राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हे तुकडे जुळवल्यावर बाग आयताकृती निघाली. समोरची भिंत आणि अलीकडची कड समांतर, कुठे व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे रेघा एकत्र येण्याचा बिंदू, नाही.

तीच बाग, तोच माणूस, तोच कॅमेरा. बदलले ते फक्त पाय. पर्स्पेक्टिव्ह हा कॅमेऱ्याचा गुण आहे असं आपण धरून चालतो; इथे तो उभं राहण्याचा गुण निघाला. चारशे-पाचशे वर्षं चित्रकारांना वर्गात शिकवलेला नियम एका माणसाने मोजे घालून चालत ओलांडला, याची मला आजही मजा वाटते. चिनी गुंडाळीचित्रांत डोळा असा चालतोच, आणि हॉकनी त्याच सुमाराला त्यांच्या नादी लागला होता.

पुढच्या दोन वर्षांत त्याने नियम उलटाच केला. १९८४ च्या ‘द डेस्क’मध्ये आणि १९८५ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत टिपलेल्या खुर्चीत लांबची बाजू रुंद आणि जवळची अरुंद आहे. खुर्चीच्या दोन्ही कुशी एकदम दिसतात. ही चित्रं हुशार आहेत, पण सिद्ध करायला केलेली वाटतात.

पेअरब्लॉसम हायवे

एप्रिल १९८६ मध्ये एका अमेरिकी मासिकाच्या कामाच्या निमित्ताने तो कॅलिफोर्नियातल्या अँटिलोप व्हॅलीत गेला. वाळवंटी सपाटी, जोशुआची काटेरी झाडं, आणि १३८ क्रमांकाच्या रस्त्यावरचा एक चौक. ११ ते १८ एप्रिल या तारखा चित्राच्या नावातच आहेत. त्याची दोन रूपं आहेत. दुसरं, मोठं, १८१.६ बाय २७१.८ सेंटिमीटरचं, लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्यात सुमारे ७०० प्रिंट आहेत.

लांबून ते अगदी सरळ चित्र दिसतं. रस्ता मधून निघून डोंगराकडे निमुळता होत जातो, उजवीकडे लाल स्टॉपची पाटी, वर निळं आभाळ. जवळ गेल्यावर घोटाळा सुरू होतो. स्टॉपची पाटी अगदी समोरून, तिच्या उंचीवरून दिसते, कारण हॉकनीने शिडी लावून तिच्या तोंडाशी जाऊन फोटो काढला. रस्त्यावर रंगवलेली अक्षरं वरून पाहिल्यासारखी आहेत. कडेला पडलेले डबे-बाटल्या वाकून, हातभर अंतरावरून टिपलेत. दूरच्या दिसणाऱ्या झाडांपाशीही तो चालत गेला होता. हॉकनीच्या म्हणण्याप्रमाणे उजवी बाजू गाडी चालवणाऱ्याची, पाट्या वाचत जाणाऱ्याची. डावी शेजारी बसलेल्याची, ज्याला वाळवंट आणि कचरा बघायला फुरसत आहे.

एक बारीक तक्रार. रस्ता शेवटी निमुळता होतोच. हॉकनीने या चित्राला एकबिंदू पर्स्पेक्टिव्हवरचा हल्ला म्हटलं, पण तो हल्ला त्या बिंदूच्या घरात शिरून, त्याचंच फर्निचर वापरून केला आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. क्योतोचं चित्र समजायला गोष्ट सांगावी लागते, हे न सांगता कळतं. आणि इथे बूट कुठेच दिसत नाहीत. तो एका जागी नव्हताच: शिडीवर होता, रस्त्याच्या मधोमध होता, कचऱ्याशी उकिडवा बसला होता. टोकं दाखवणार कुठून?

त्यानंतर

पेअरब्लॉसमनंतर फोटो-कोलाजचा झपाटा ओसरला. मिळालेलं सगळं आधीच चित्रांत झिरपू लागलं होतं. १९८४ चं ‘अ व्हिजिट विथ ख्रिस्तोफर अँड डॉन, सँटा मोनिका कॅन्यन’ हे सुमारे सहा मीटर लांबीचं चित्र बघणाऱ्याला लेखक ख्रिस्तोफर इशरवुड आणि चित्रकार डॉन बकार्डी या दोघांच्या घरातून फिरवून आणतं. १९६८ मध्ये त्याने याच दोघांना खुर्च्यांत शेजारी-शेजारी शिस्तीत बसवून रंगवलं होतं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की मधल्या पोलरॉइडांचा उपयोग काय झाला ते शब्दांशिवाय कळतं.

१९८६ मध्येच तो ऑफिसातल्या झेरॉक्सच्या यंत्राकडे वळला आणि त्यावर छापचित्रं करू लागला. मग फॅक्स आला. १९८९ च्या साव पाउलो बिएनाले या ब्राझीलमधल्या कलाप्रदर्शनाला त्याने चित्रं फॅक्सने पाठवली. यंत्र बदललं की नियम बदलतो, हा पोलरॉइडचा धडा त्याने सोडला नाही.

त्या काळच्या रंगीत प्रिंट आणि पोलरॉइड उजेडात फिकट होतात, त्यामुळे संग्रहालयं अशी कामं जपून, थोड्या दिवसांसाठी बाहेर काढतात. म्हणून आपण बहुतेक जण ती पुस्तकात किंवा पडद्यावर, एका गुळगुळीत फोटोच्या रूपात बघतो. प्रिंटच्या कडांची उंची, चढलेल्या थरांची सावली त्यात उरत नाही. कोलाजचा फोटो म्हणजे पुन्हा तो एकाक्ष राक्षसच.

२०१० च्या सुमाराला हॉकनी यॉर्कशरमध्ये परतला होता. वोल्डगेटच्या जंगलातल्या रस्त्यावर त्याने एका गाडीला ९ डिजिटल कॅमेरे जाळीसारखे बांधले, प्रत्येकाची दिशा आणि झूम किंचित वेगळी, आणि गाडी अगदी हळू चालवली. तेच झाड, तोच रस्ता, ऋतू बदलला की पुन्हा. प्रदर्शनात ९ पडदे तीन-तीनच्या ओळीत लावलेले असतात, मधे बारीक फट. फांदी एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना थोडी तुटते, थोडी सरकते, १९८२ च्या पहिल्या पोलरॉइडमधल्या गच्चीच्या कठड्यासारखी. पायांच्या जागी चाकं आलीत, आणि गाडी थांबत नाही.